ओट्यामागची भिंत

दिवाळीच्या आधी घराघरांत एक भिंत रगडून घासली जाते आणि पुढच्या चार-सहा दिवसांत चकल्या, शेव, करंज्यांच्या तळणीनं तीच भिंत पुन्हा माखते. शेगडीच्या मागची, ओट्याच्या वरची ही दोन-अडीच फुटांची पट्टी. गवंडी आणि टाइलवाले तिला डॅडो म्हणतात, इंटिरिअरवाल्यांच्या कागदांवर ती बॅकस्प्लॅश असते. घरातल्या सगळ्या भिंतींत आकारानं लहान आणि कष्टानं मोठी अशी ही भिंत आहे.

ती निवडली कशी जाते हे पाहायचं असेल तर पुण्यात कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या फरशीच्या दुकानांत एखादी दुपार काढावी. नवरा-बायको येतात, बरोबर कधी सासरे असतात, कधी इंटिरिअरचं काम पाहणारा तरुण असतो. ओट्याच्या दगडाचा तुकडा आणि ट्रॉलीच्या शटरचा नमुना पिशवीतून निघतो. टाइल त्यांच्याशेजारी धरली जाते. दिव्याच्या झोतात ती छान दिसते. रंग जुळतो का, हे विचारलं जातं. भाव विचारला जातो, डिलिव्हरी कधी ते विचारलं जातं. फोडणीचं तेल उडालं तर काय होईल, हळदीचा हात लागला तर काय होईल, हे फारसं कुणी विचारत नाही. आणि जी बाई घरी ही भिंत रोज पुसणार आहे, मग ती घरची असो वा कामाला येणारी मावशी, तिचं मत त्या दुपारी क्वचितच ऐकू येतं. या लेखाचं कारण हेच आहे. भिंत पुसायला सोपी हवी असेल तर ती तिथे बसणाऱ्या मळाकडे पाहून निवडावी लागते. म्हणून तो मळ नेमका काय असतो, हे आधी पाहू.

मोहरी तडतडते, कारण दाण्यातलं थोडंसं पाणी तापलेल्या तेलात क्षणात वाफ होतं आणि कवच फोडून बाहेर येतं. कढीपत्ता, हिरवी मिरची, धुतलेली भाजी, सगळ्यांचं तसंच. ही वाफ बाहेर पडताना तेल उडवते. मोठे थेंब ओट्यावर पडतात, ते दिसतात आणि पुसले जातात. बारीक तुषार गरम हवेबरोबर वर चढतात आणि त्यामानाने थंड असलेल्या भिंतीला लागून तिथेच बसतात. त्या वेळी ते नुसतं तेल असतं. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण लावलेल्या फडक्यानं ते एका हातात निघतं.

निघालं नाही, राहून गेलं, की त्याचं रूप बदलायला लागतं. पातळ थरातल्या तेलाशी हवेतला प्राणवायू खेळतो. तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जातात, त्यांची जाळी तयार होते, आणि वाहतं तेल चिकट, मग पिवळं, मग टणक होतं. चित्रकार जवसाच्या तेलात रंग कालवतात तो याच गुणासाठी. ते तेल उडून जात नाही, ते हवेत घट्ट होऊन बसतं. करडई आणि सूर्यफूल ही जवसाइतकी नाहीत, पण त्याच वाटेवरची तेलं आहेत. करडईचं तेल रंग आणि वॉर्निशच्या धंद्यातही वापरलं जातं. शेंगदाण्याचं तेल त्याहून सावकाश घट्ट होतं, आणि खोबरेल जवळजवळ होतच नाही. म्हणून सोलापूरकडच्या करडईच्या फोडणीनं भिंतीवर धरलेला राप आणि गोव्यातल्या खोबरेलाच्या फोडणीचा ओशटपणा सारखा नसतो. शेगडीच्या उष्णतेनं ही सगळी क्रिया वेगानं होते. वर धूळ बसते, पिठाचा भुगा बसतो, आणि ज्याला आपण किटण म्हणतो ते तयार होतं. भिंतीवर आता तेल राहिलेलं नसतं, वॉर्निश असतं. ते नुसत्या साबणाला दाद देत नाही.

त्याला लागतो क्षार. धुण्याचा सोडा, खायचा सोडा, बाजारातली किचन क्लीनरची बाटली, सगळ्यांचं काम एकच, तेलाचं बंधन तोडणं. आजीच्या काळात हे काम चुलीतली राख करायची. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं आणि ते तेलाला साबणाकडे नेतं. तेलकट कढई राखेनं लख्ख होण्यामागे भरपूर घासण्याइतकाच या रसायनाचाही वाटा होता.

ही झाली शेगडीकडची बाजू. त्याच भिंतीच्या दुसऱ्या टोकाला सिंक असतं आणि तिथला मळ अगदी वेगळा. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी नळामागच्या भिंतीवर उडतं, सुकतं, आणि मागे चुन्याचे पांढरे ठिपके ठेवून जातं. ते सोड्यानं जात नाहीत. त्यांना आम्ल लागतं, लिंबू किंवा व्हिनेगर. म्हणजे दहा फुटांच्या एकाच पट्टीवर एका टोकाला क्षार लावायचा आणि दुसऱ्या टोकाला आम्ल. दोन्ही सोसणारी वस्तू हवी. त्यात हळद आली. हळदीतला पिवळा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून फोडणीच्या तेलाबरोबर तो बारीक छिद्रांतून आत शिरतो. साबण लावला की डाग लाल होतो, कारण हळद आणि क्षार एकत्र आले की कुंकवाचा रंग उमटतो. ते पाहून पुष्कळ जणी घाबरतात आणि आणखी घासतात. डाग सच्छिद्र जागी गेला असेल तर घासून काही होत नाही. ऊन मात्र त्याला फिकट करतं, पण ओट्यामागे ऊन पोचत नाही.

तर या भिंतीकडून अपेक्षा अशी: छिद्रं नकोत, आम्ल आणि क्षार दोन्ही चालायला हवेत, आच सोसायला हवी, आणि घासणी फिरवली तर ओरखडा पडायला नको. बाजारातल्या प्रत्येक वस्तूला या चार कसोट्या लावून पाहाव्यात.

पूर्वी हा प्रश्नच वेगळा होता. चूल जमिनीवर, स्वयंपाक बसून, आणि चुलीमागची भिंत मातीची. ती पुसायची नसे, सारवायची असे. काजळी धरली की शेणमातीचा नवा हात फिरे आणि भिंत पुन्हा नवी होई. शहरात चाळी आल्या, स्टोव्ह आले, गॅस आला, बाई उभी राहून स्वयंपाक करू लागली आणि भिंत तिच्या तोंडासमोर आली. चाळीतल्या खोल्यांमध्ये कमरेपासून वर हिरव्या किंवा निळ्या ऑइलपेंटचा पट्टा मारलेला असे, तो घासता यावा म्हणूनच. मग चार इंची पांढऱ्या चकचकीत टाइल्स आल्या. १९५८ साली एच अँड आर जॉन्सन भारतात सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत मध्यमवर्गीय मोरीत आणि ओट्यामागे त्या टाइल्सनी घर केलं. त्यानंतर आठ बाय बारा इंचांच्या आल्या, मधेमधे द्राक्षांच्या घडाची, कपबशीची, फळांच्या परडीची हायलायटर टाइल. आज त्या टाइल्सना नाकं मुरडली जातात. मला त्या आवडतात. त्या काळच्या बायकांना पाण्यानं धुता येणारी भिंत मिळाली होती, आणि त्या भिंतीवर त्यांना फळं हवी होती, यात नाक मुरडण्यासारखं काही नाही.

आता दगड. महाराष्ट्रातल्या ओट्यांनी आधी कडप्पा पाहिला, मग ग्रॅनाइट. आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्याचा काळा दगड आणि कर्नाटकातल्या शहाबादची फरशी, दोन्ही चुनखडीचे दगड. संगमरवरही मुळात चुनाच, मग तो राजस्थानातल्या मकराण्याचा असो की इटलीचा. चुन्याचं आणि आम्लाचं जमत नाही. लिंबू पिळताना उडालेला थेंब, चिंचेचा कोळ, आमसुलाचं पाणी, दही, काहीही त्यावर थोडा वेळ राहिलं की दगडाचा वरचा थर खाल्ला जातो आणि पॉलिशवर पांढुरका, निस्तेज ठसा उमटतो. हा डाग नाही, झीज आहे. ती पुसून जात नाही, पुन्हा पॉलिश मारावं लागतं. ओट्यामागे संगमरवर लावलेली घरं मासिकांत सुंदर दिसतात. ज्या घरात आठवड्यातून दोनदा सोलकढी होते, चिंचगुळाची आमटी होते, तिथे संगमरवर लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुकानात जाताना एक लिंबू बरोबर न्या. ज्या दगडाचं नाव खात्रीनं कळत नाही त्याच्या तुकड्यावर दोन थेंब टाका आणि दहा मिनिटं थांबा. बुडबुडे आले, किंवा पुसल्यावर ती जागा खरखरीत आणि मंद दिसली, तर तो दगड चुन्याचा आहे. ग्रॅनाइट या परीक्षेत पास होतो, कारण तो सिलिकेट खनिजांचा आहे, लिंबू त्याचं काही करू शकत नाही. त्याची दुसरी परीक्षा घ्या. तुकड्यावर गोडं तेल लावून ठेवा. जागा काळवंडली तर तो दगड तेल पितो. फिक्या रंगाचे, मोठ्या रव्याचे बरेच ग्रॅनाइट तेल पितात, गडद आणि घट्ट रव्याचे कमी पितात. पिणाऱ्या दगडाला सीलर लावावा लागतो आणि तो काही वर्षांनी पुन्हा लावावा लागतो. हे दुकानदार सांगत नाही, गवंडी विसरतो. ओट्याचाच गडद ग्रॅनाइट भिंतीवर दोन फूट वर चढवला तर सांधे जवळजवळ राहत नाहीत, ही त्याची खरी जमेची बाजू. अडचण एवढीच, की काळ्या चकचकीत दगडावर जड पाण्याचे पांढरे ठिपके लांबून दिसतात. सिंकच्या बाजूला रोज कोरडं फडकं फिरवायची तयारी हवी.

टाइलकडे वळू. या विषयातला सगळ्यांत मोठा गैरसमज इथे आहे. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल आणि महाग व्हिट्रिफाइड टाइल यांत पुसायला सोपी कोणती, असं विचारलं तर दुकानात उत्तर मिळतं, व्हिट्रिफाइड. कारण सांगतात पाणी शोषण्याचं. ते खरं आहे. व्हिट्रिफाइडचं अंग अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त पाणी शोषत नाही, भिंतीच्या सिरॅमिक टाइलचं अंग दहा टक्क्यांहून अधिक शोषतं. पण फोडणीचं तेल टाइलच्या अंगाला लागत नाही, ते लागतं वरच्या ग्लेझला. ग्लेझ म्हणजे हजार अंशांहून जास्त तापलेल्या भट्टीत वितळून टाइलवर पसरलेली काच. त्या काचेला छिद्र नाही, आम्लाची आणि सोड्याची भीती नाही, शेगडीची आच तिच्या खिजगणतीत नाही. स्वस्त टाइलची काच आणि महाग टाइलची काच पुसणाऱ्या हाताला सारखीच लागते. गुजरातमधल्या मोरबीत भट्टीतून बाहेर पडणारी भिंतीची साधी चकचकीत टाइल या कामाला पुरेशी आहे. पायाखालच्या फरशीची गोष्ट वेगळी, तिथे वजन आणि घर्षण येतं. भिंतीवर फक्त फडकं फिरतं.

फरक पडतो तो ग्लेझ चकचकीत आहे, साटिन आहे की मॅट, यानं. मॅट टाइलचा पृष्ठभाग डोळ्याला दिसणार नाही इतका खडबडीत असतो, म्हणून तर ती चमकत नाही. त्या खाचांत तेल धरतं. गेल्या काही वर्षांत इमारतींच्या बाहेर लावायच्या उंचसखल एलिव्हेशन टाइल्स आणि दगडी पोताच्या टाइल्स स्वयंपाकघरात आल्या आहेत. हॉलमधल्या टीव्हीमागे त्या शोभतील. शेगडीमागे त्यांच्या प्रत्येक घडीत किटण बसतं आणि ते काढायला दात घासायचा जुना ब्रश लागतो. तसंच तमिळनाडूतल्या चेट्टिनाडच्या आथनगुडी टाइल्सचं. त्या हातानं केलेल्या सिमेंटच्या टाइल्स आहेत, भाजलेल्या नाहीत, त्यांच्यावर काच नाही. देखण्या आहेत, आणि जमिनीवर पायांनी घासून त्यांना जी झळाळी येते ती दुसऱ्या कशाला येत नाही. पण तेल आणि हळद त्या पिऊन टाकतात. १९२२ साली सुरू झालेल्या भारत फ्लोअरिंग टाइल्स या कंपनीच्या, मुंबईतल्या जुन्या घरांतून आजही दिसणाऱ्या नक्षीच्या सिमेंट टाइल्सही याच जातीच्या. त्यांची जागा पायाखाली.

नक्षीच हवी असेल तर वाट गोव्याची आहे. पणजीच्या इन्स्टिट्यूट मेनेझेस ब्रागांझाच्या दालनात निळ्या-पांढऱ्या आझुलेजोंचं, म्हणजे पोर्तुगीज ग्लेझ्ड टाइल्सचं, मोठं चित्र आहे, १९३५ सालचं, जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराचं. पोर्तुगालात आझुलेजो चर्चच्या भिंतींवर गेले तसे स्वयंपाकघरांतही गेले. आल्कोबासाच्या मठातलं प्रचंड स्वयंपाकघर अठराव्या शतकात टाइल्सनी मढवलं गेलं. तिथला हिशेब आपल्यासारखाच होता, धूर, चरबी आणि पाणी. आझुलेजोचं चित्र ग्लेझबरोबर भाजलं जातं, म्हणून ते घासून जात नाही. गोव्यात आजही हातानं रंगवलेल्या अशा टाइल्स करून मिळतात. मात्र रंग ग्लेझसोबत भाजला आहे की नंतर वर चिकटवून कमी तापमानाला पक्का केला आहे, हे विचारून घ्यावं. आपल्याकडच्या हायलायटरवरची बरीच द्राक्षं तारेच्या घासणीनं उडाली, ती दुसऱ्या प्रकारामुळे.

आता ज्याच्यासाठी हा सगळा लेख लिहावासा वाटला तो मुद्दा. टाइल मळत नाही, सांधा मळतो.

दहा फूट लांब आणि दोन फूट उंच भिंत घ्या, वीस चौरस फूट. हल्ली फॅशनमध्ये असलेली एक इंची काचेची मोझॅक तिच्यावर लावली तर टाइल्समधल्या सांध्यांची एकूण लांबी होते ४६८ फूट. जुन्या चार इंची टाइल्सना १०८ फूट. एक बाय दोन फुटांच्या टाइल्स उभ्या लावल्या तर १८ फूट. आणि दोन बाय चार फुटांच्या आडव्या लावल्या तर फक्त ४ फूट. भिंत तीच, स्वयंपाक तोच. एकीकडे ४६८ फूट सांधा घासायचा आणि दुसरीकडे चार फूट. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत १९०४ साली लागलेल्या तीन बाय सहा इंची पांढऱ्या टाइल्सची नक्कल आज पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरांत सबवे टाइल म्हणून लागते. त्या स्टेशनात फोडणी होत नव्हती. दिसायला ती टाइल मलाही आवडते, पण तिचे सांधे जवळजवळ चार इंची टाइलइतकेच भरतात.

आणि सांध्यात भरलं काय जातं? व्हाइट सिमेंट. सिमेंट सुकल्यावर त्यात असंख्य बारीक छिद्रं राहतात. पहिल्या दिवाळीपर्यंत ते पांढरं असतं, दुसरीपर्यंत शेगडीमागे पिवळं होतं, मग तपकिरी. ते उजळ करायला काही जण बाथरूमचं ॲसिड वापरतात. ॲसिड चुना खातं, सिमेंटमध्ये चुनाच असतो, त्यामुळे सांधा स्वच्छ दिसतो खरा, पण आतून पोखरतो आणि पुढचा मळ आणखी खोल धरतो. इथे एक सूचना जीव तोडून सांगायची आहे: ॲसिड आणि ब्लीचिंगचं द्रव्य कधीही एकत्र करू नका, एकामागोमाग एकही लावू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद स्वयंपाकघरात तो जीवघेणा ठरू शकतो.

उपाय आहे इपॉक्सी ग्राउट. रेझिन, हार्डनर आणि बारीक भरड, हे तीन कालवून भरायचं. सुकल्यावर त्यात छिद्र राहत नाही, तेल शिरत नाही, हळद वरच्यावर पुसली जाते, आम्ल-क्षार चालतात. व्हाइट सिमेंटच्या कित्येक पट महाग, हे खरं. पण टाइल मोठी घेतली की सांधाच कमी, म्हणजे इपॉक्सीही थोडंच लागतं. हे गणित एकत्र मांडलं तर मोठी साधी टाइल आणि इपॉक्सी हा जोड, लहान महाग टाइल आणि व्हाइट सिमेंट या जोडापेक्षा बहुतेक वेळा स्वस्तच पडतो.

मिस्त्री इपॉक्सीला नाखूश असतात, आणि त्यांच्या बाजूनं ते बरोबर आहे. कालवल्यावर ते लवकर घट्ट होऊ लागतं, थोडं थोडंच कालवावं लागतं, टाइलवर लागलेलं लगेच ओल्या स्पंजानं पुसावं लागतं. राहिलं तर चिकट पापुद्रा टाइलवर कायमचा बसतो आणि शिव्या मिस्त्रीला मिळतात. हाताला लागलेलं निघत नाही, म्हणून मोजे लागतात. या कामाची मजुरी जास्त मागितली तर ती द्यावी. मात्र एक गोष्ट डोळ्यांसमोर करून घ्यावी: रेझिन आणि हार्डनरच्या वेगळ्या पुड्या आपल्यासमोर फोडल्या पाहिजेत. सिमेंटच्या ग्राउटमध्ये पातळ पॉलिमर कालवून त्यालाच इपॉक्सी म्हणून भरलं जातं, आणि दिसायला पहिल्या दिवशी दोन्ही सारखीच असतात.

मोठ्या टाइलची आणखी एक अट आहे. मोठी टाइल बहुतेक वेळा व्हिट्रिफाइड असते. व्हिट्रिफाइड पाणी शोषत नाही, त्यामुळे सिमेंटचा गिलावा तिला पकडत नाही. तिला टाइल ॲडहेसिव्ह लागतं. त्यासाठी आयएस १५४७७ हे भारतीय मानक आहे, पोत्यावर ते छापलेलं पाहावं. पाठीमागे पोकळी राहिली तर टाइल ठोकल्यावर पोकळ वाजते. मिस्त्री जायच्या आधी प्रत्येक टाइल ठोकून बघा, मध्यभागी आणि चारी कोपऱ्यांत. ओटा आणि भिंत जिथे मिळतात तिथला सांधा सिमेंटनंही भरू नये आणि इपॉक्सीनंही नाही. ओटा आणि भिंत वेगवेगळ्या हलतात, कडक सांधा तडकतो, तडकीत पाणी जातं, मागून झुरळं येतात. तिथे सिलिकॉन सीलंट, बुरशी न धरणाऱ्या प्रकारचा.

काचेचं थोडक्यात. मागून रंग दिलेली टफन्ड काच ही पुसायला सगळ्यांत सोपी भिंत आहे, सांधा नाहीच. पण टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. स्विचबोर्डाच्या जागा, नळाच्या जागा आधी ठरवून, मोजून, तशीच करून आणावी लागते. साधी, टफन न केलेली काच शेगडीमागे लावू नये, आचेनं तडकते. स्टील हॉटेलांच्या भटारखान्यात का असतं ते उघड आहे. घरी फक्त शेगडीमागे एक पत्रा लावायचा असेल तर ३०४ ग्रेडचा घ्यावा. कोकणपट्टीत हे विशेष, खाऱ्या हवेत हलक्या ग्रेडचं स्टील गंजाचे ठिपके धरतं. ब्लीच त्याला लावू नये आणि तारेची घासणी तर नकोच. भाड्याच्या घरात राहणारे संगमरवरी छपाईचे किंवा चंदेरी स्टिकर लावतात. प्लास्टिकचे शेगडीजवळ आचेनं मऊ पडतात, ॲल्युमिनियमचे सोड्यानं काळे पडतात. घरमालकाची भिंत वाचवायची असेल तर शेगडीमागे टेकवून ठेवता येणारा स्टीलचा पत्रा बरा, घर बदललं की बरोबर नेता येतो.

क्वार्ट्झबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. दुकानांत हल्ली त्याची मोठी चलती आहे. दगडाचा सुमारे नव्वद टक्के चुरा आणि बाकी रेझिन, म्हणून तेल पीत नाही, डाग धरत नाही. शेगडीच्या अगदी मागे रेझिनला आच सोसत नाही, एवढा तोटा बहुतेक दुकानदार सांगतात. ते ज्याविषयी बोलत नाहीत ती गोष्ट म्हणजे कापणाऱ्याची छाती. या पाट्या कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिकाचं प्रमाण फार मोठं असतं. ती श्वासातून फुप्फुसांत गेली की सिलिकोसिस होतो, आणि सिलिकोसिस बरा होत नाही. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून या कृत्रिम दगडावर बंदी घातली, कारण तिथे दगड कापणारे तरुण कामगार या रोगानं आजारी पडत होते. आपल्याकडे हा रोग आढळला तर सरकारला कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि राजस्थाननं २०१९ मध्ये सिलिकोसिसग्रस्तांसाठी धोरणही केलं. पण घराच्या बाल्कनीत, तोंडाला रुमाल बांधून, कोरड्या कटरनं पाटी कापणाऱ्या पोरापर्यंत यातलं काही पोचत नाही. ग्रॅनाइट किंवा टाइल कापतानाही धूळ उडते, क्वार्ट्झपेक्षा कमी इतकंच. काम कुठलंही असो, पाणी सोडून कापायला सांगा आणि चांगले मास्क आणून द्या. हा खर्च आपल्या अंदाजपत्रकात हवा.

शेवटी पुसणाऱ्या हाताबद्दल. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं, असं दिसलं. भिंतीचा सांधा त्या २९९ मिनिटांतला आहे. ओटा दोन फूट खोल असतो. पाच फूट उंचीच्या बाईला शेगडीवरून वाकून, टाचा उंचावून, मागच्या भिंतीच्या वरच्या टोकापर्यंत पोचावं लागतं. म्हणून वरचा हात नेहमी राहतो आणि तिथेच चिमणीखालचा सगळ्यांत घट्ट थर असतो. त्या भिंतीवर मसाल्यांच्या डब्यांची फळी, पळ्यांचा दांडा, चार स्विचबोर्ड लावले की प्रत्येकाच्या मागे आणखी एक कोपरा तयार होतो. शेगडीच्या वर आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट भिंत मोकळी ठेवावी. स्विच त्याच्या पलीकडे घ्यावेत. टाइल ओट्यापासून दोन फुटांवर न थांबवता शेगडीमागे चिमणीपर्यंत न्यावी, नाहीतर तेल बरोबर टाइल संपते तिथल्या रंगावर जाऊन बसतं.

माझा निवाडा सरळ आहे. बहुतेक मराठी स्वयंपाकघरांसाठी दोन बाय चार किंवा एक बाय दोन फुटांची, चकचकीत किंवा साटिन ग्लेझची, फिक्या रंगाची साधी टाइल, दोन मिलिमीटरचा सांधा, आत इपॉक्सी, ओट्याशी सिलिकॉन. पैसे जास्त असतील तर टाइलवर न घालता टफन्ड काचेवर घाला. दगडच हवा असेल तर लिंबू आणि तेल या दोन्ही परीक्षा पास होणारा गडद ग्रॅनाइट.

दिवाळीनंतर काम काढणार असाल तर दुकानात जाताना घरातली भिंत जी पुसते तिला बरोबर न्या. कामाला येणाऱ्या मावशी असतील तर त्यांची त्या दिवसाची हजेरी धरून त्यांना न्या, नमुन्याच्या टाइलवर तेल-हळद लावून त्यांच्या हातानं पुसून बघा, आणि त्या नको म्हणाल्या ती टाइल घेऊ नका.